शेरा : ठीक

वाटूर
४ सप्टेंबर १९९६

केशव,

पत्र बघून तुला नवल वाटंल. परतूरच्या बोर्डिंगात आपण पाच वर्सं एका खोलीत काढली, अन् त्यानंतर मी तुला दोनच कार्डं टाकली. ती बी लग्नाच्या आवतणाची. आज काम घेऊन लिहून राह्यलो, हे आधीच सांगून टाकतो.

उषाच्या हृदयाची झडप खराब निघाली. दर महिन्याला जालन्याला दाखवावं लागतं. वाटूर फाट्याहून जीप मिळते, पण एकावर एक माणसं कोंबतात. मागल्या खेपेला तिला अर्ध्या रस्त्यात घेरी आली. मी वरडलो, जीपवाला म्हणे, पुढल्या थांब्यावर बघू. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो अन् तवाच ठरवलं, आता आपली सोताची गाडी.

तुमची कंपनी म्हणे नऊ छोट्या पांढऱ्या गाड्या विकून राह्यली. तू गाड्यांच्याच खात्यात हायेस. बैल घ्यायचा तर मी दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. गाडीचं काय बघावं? पण तुझ्याजवळ रजिस्टर हाये असं तूच एकदा म्हणाल्ता. कोणच्या गाडीला काय दुखलं-खुपलं ते सगळं त्यात लिवलेलं असतं. तेवढं वाच अन् मला एक नंबर सांग. तू म्हणशील ती घेईन. दुसऱ्या कुणाला इचारणार न्हाई.

मच्छिंद्र


जालना
१२ सप्टेंबर १९९६

प्रिय मच्छिंद्र,

उषावहिनींचं वाचून फार वाईट वाटलं. आणि खरं सांगू? थोडं बरंही वाटलं. बारा वर्षं या खात्यात कारकुनी करतो आहे. माझं रजिस्टर कुणाच्या उपयोगी पडेल, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

बियाण्याच्या कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी कंपनीनं १९९० च्या नोव्हेंबरात या नऊ गाड्या एकदम घेतल्या. दर मे आणि नोव्हेंबरात प्रत्येक गाडीची तपासणी. ब्रेक, स्टीअरिंग, चाकं, दिवे अशा बत्तीस गोष्टी. पुंजाराम फोरमननं गाडीखाली शिरून बघायचं, खालून ओरडून सांगायचं आणि मी लिहायचं. चांगलं असेल तर ‘ठीक’, नसेल तर काय बिघडलं ते.

चार दिवस ऑफिस सुटल्यावर थांबून सगळं वाचलं. तीन नंबरच्या ब्रेकवर पाच वेळा शेरा आहे, ती नको. सहा आणि नऊ तेल पितात. एक नंबरचं इंजिन उघडावं लागलं होतं. पाच नंबर मात्र बघण्यासारखी आहे. अकरा तपासण्या, प्रत्येकीत बत्तीस कलमं, आणि एकदाही वाईट शेरा नाही! गेली दोन-अडीच वर्षं तर सगळ्याच गाड्यांचे शेरे सुधारलेत, पण पाच नंबर पहिल्यापासून तशीच आहे. मला गाडी चालवता येत नाही, पण कागद वाचता येतो. पाच नंबर घे. निर्धास्त घे.

साहेबांनी सांगितलंय, प्रत्येक घेणाऱ्याला रजिस्टरची नक्कल द्यायची. नऊही नकला मीच करतो आहे. तुझी जरा जास्त सुवाच्य अक्षरात करीन.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा
केशव


वाटूर
२४ ऑक्टोबर १९९६

केशव,

गाडी दारात उभी हाये. दसऱ्याला झेंडूचा हार घातला, उषानं ओवाळलं. महिनाभर शिकलो, लायसन काढलं. परवा तिला जालन्याला घेऊन गेल्तो. सारा रस्ता ती खिडकीतून बघत होती. म्हणाली, ह्या रस्त्याला एवढी झाडं हायेत हे मला ठाऊकच नव्हतं, जीपमधी लोकांच्या पाठीच दिसायच्या. तुझ्या घरी यायचं होतं पण दवाखान्यात उशीर झाला.

एक गोष्ट इचारायची. पन्नासच्या वर गेलं की गाडी डावीकडं ओढते. अन् खड्ड्यातून गेली की खालून ‘टक्’ असा आवाज येतो. दरवेळी न्हाई, कधीमधी. फाट्यावरचा मिस्त्री म्हणे, खोलून बघू. मी म्हणलं, माझ्या दोस्ताच्या रजिस्टरात हिच्यावर एक शेरा न्हाई, तू काय खोलतोस? तो हसला. त्याचं हसणं मला आवडलं न्हाई. जल्दी कळव.

मच्छिंद्र


जालना
३० ऑक्टोबर १९९६

प्रिय मच्छिंद्र,

तुझं पत्र आल्याबरोबर रजिस्टर पुन्हा काढलं. मे ९६, स्टीअरिंग : ठीक. नोव्हेंबर ९५, ठीक. त्याआधीही ठीकच. पाच महिन्यांत असं काय बिघडणार? तुमच्याकडचे रस्ते तसे, त्यात चाकांत हवा कमी-जास्त असली तरी गाडी एका बाजूला ओढते असं इथला ड्रायव्हर म्हणतो. मिस्त्र्यांना काम काढायचंच असतं. हवा तपास आणि मनातली शंका काढून टाक.

दिवाळीच्या तुम्हा दोघांना शुभेच्छा. फराळाला ये म्हणत नाही, वहिनींना दगदग नको.

तुझा
केशव


जालना
२० नोव्हेंबर १९९६

मच्छिंद्र,

हे पत्र हातात पडताच गाडी आहे तिथे उभी कर. वहिनींना तिच्यात बसवू नकोस. किल्ली कुणाला देऊ नकोस. आता पुढचं वाच.

रविवारी बसस्टँडवर पुंजाराम फोरमन भेटला. नोकरी सोडून त्याला पावणेतीन वर्षं झाली. हे मी तुला सांगितलं नव्हतं. गाड्या विकल्या म्हटल्यावर त्यानं विचारलं, “पाच नंबर कुणी घेतली?” मी तुझं नाव सांगितलं. त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली.

“केशवराव, ती बदनापूरपाशी नाल्यात गेल्ती की. चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत. साहेबाचा मेव्हणा चालवत होता.”

“रजिस्टरात तर काहीच नाही.”

“लिवू कसं देतील? गाडी त्याला द्यायचीच नव्हती. बाहेरच्या बाहेर पुढचा पत्रा सरळ केला. स्टीअरिंगचा रॉड मोडलेला, त्याला वेल्डिंग मारलं. मी म्हणलं, रॉड बदला, हे वेल्डिंग एक दिवस सुटंल. साहेब म्हणले, तुझं काम कर. मंग मी कामच सोडलं.”

आता माझं ऐक. पुंजाराम गेल्यावर दुसरा फोरमन आलाच नाही. मे महिना आला तेव्हा साहेब म्हणाले, रजिस्टर कोरं दिसता कामा नये. मी मागच्या पानावरून पुढचं पान उतरवलं. मागचा जो शेरा वाईट होता तिथेही ‘ठीक’ लिहिलं, नाहीतर दुरुस्ती का केली नाही असं वरून विचारलं असतं. अशा पाच तपासण्या, नऊ गाड्यांच्या. खुर्चीतून न उठता. चार दिवस थांबून मी तुझ्यासाठी जे वाचलं, त्यातलं निम्मं माझंच लिहिलेलं होतं.

तुला खोटं सांगायचं नव्हतं रे. तेच ते इतक्या वेळा लिहिलं की ते मलाच खरं वाटायला लागलं. दुसरं काय सांगू?

उलट टपाली एवढंच कळव, गाडी उभी आहे.

केशव


वाटूर
१ डिसेंबर १९९६

केशव,

तुझं पत्र नऊ दिवसांनी आलं. गाडी उभी न्हाई. गाडी माझ्यापाशी न्हाईच.

तू कबूल केलंस, मंग मी बी करतो. तुझं हवा तपासायचं पत्र आलं त्याच दिवशी मी मिस्त्र्याकडं गेल्तो. त्यानं गाडी उचलली अन् मला खाली बोलावलं. रॉडवर वेल्डिंगची गाठ होती, अन् गाठीला केसाएवढी भेग. मला म्हणे, दादा, हिच्यात बाईमाणसाला बसवत जाऊ नका. घरी येऊन उषाला काही बोललो न्हाई, पण तिनं माझ्या तोंडाकडं बघून वळखलं. त्या दिवसापासून तिनं गाडीत पाय ठेवला न्हाई.

त्याच दिवशी तुला शिव्या देणारं पत्र लिवायला पायजे होतं. लिवलं न्हाई. का? तुला लिवलं असतं तर गाडी खराब हाये हे मला ठाऊक होतं असं कागदावर आलं असतं. अन् मला ती विकायची होती.

भाऊबीज झाली अन् दुसऱ्या दिवशी विकली. अंकुशनगरचा देवानंद म्हणून हाये. अंबडहून मास्तर लोकांची ने-आण करतो. त्यानं बी इचारलं, गाडी कशी हाये. मी तोंडानं काही बोललो न्हाई. तुझं पत्र अन् तुझी नक्कल पुढं केली. ‘निर्धास्त घे’ हे त्यानं दोनदा वाचलं अन् गाडी घेतली. पत्र बी मागून घेतलं, जवळ असू द्या म्हणे.

त्यानंतर धड झोप न्हाई. फाट्यावर जीप जोरात थांबली तरी उठून दारात येतो. वाटतं, कुणी अंबडकडची खबर घेऊन आलं.

मला तिकडं जायला पाय उचलत न्हाई. तू जा.

मच्छिंद्र


जालना
७ डिसेंबर १९९६

मच्छिंद्र,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. काल रजा टाकून अंकुशनगरला गेलो. रस्त्यानं उसाच्या ट्रकांची रांग, आमची बस त्यांच्या मागे रांगत होती. खिडकीतून प्रत्येक पांढऱ्या गाडीकडे बघत होतो. साखर कारखान्याच्या वळणावर एक पांढरी गाडी नाल्याकडे कललेली दिसली तसा मी सीटवरून उठून उभा राहिलो. जवळ गेल्यावर कळलं, ती दुसरीच होती, पंक्चर काढायला बाजूला घेतलेली.

देवानंद चौकातच सापडला. तीस-बत्तीसचा असेल. गाडीत मागे तीन शिक्षिका बसलेल्या, पुढे एक मास्तर. तो निघायच्या बेतात होता.

मी म्हटलं, “ही गाडी चालवू नका. स्टीअरिंगचा रॉड तुटायला आलाय.”

“कोण तुम्ही?”

“कंपनीतला. ज्यांची गाडी होती त्यांच्याकडचा.”

त्यानं डॅशबोर्डच्या कप्प्यातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं माझं पत्र काढलं. “हे बघा. हे लिवणारा माणूस कंपनीतलाच हाये. गाड्यांचं खातं त्याच्याच हातात हाये. चार दिवस बसून त्यानं सगळं वाचलंय. तुमच्यापरीस त्याला जास्ती कळतं.”

“ते मीच लिहिलंय.”

तो थांबला. पत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “मंग तवा खोटं बोलले का आता बोलून राह्यले?”

मास्तर आतून म्हणाले, “देवानंद, शाळेची वेळ झाली.” त्यानं गाडी सुरू केली. मी समोर जाऊन बॉनेटवर दोन्ही हात ठेवले. माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, वेडा दिसतो. शेवटी एक शिक्षिका खाली उतरल्या. म्हणाल्या, “उगाच कुणी गाडीपुढे असं उभं राहत नाही. आधी गाडी दाखवून आणा, आम्ही पायी जातो.”

गॅरेज शंभर पावलांवर होतं. मिस्त्र्यानं खाली झोपून रॉड हातानं धरला आणि एक हिसका दिला. रॉड तुटून त्याच्या हातात आला. हिसकासुद्धा जोराचा नव्हता.

देवानंदनं माझी कॉलर धरली. मग सोडली आणि तिथेच जमिनीवर बसला. “काल मागं माझी लेक बसली होती,” एवढंच म्हणाला. त्याची रक्कम तू परत कर, मच्छिंद्र. तेवढं तरी कर.

पण हे पत्र त्यासाठी नाही. गॅरेजात उभा असताना पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, की गाड्या नऊ होत्या. उरलेल्या आठांच्या नकलाही मीच दिल्यात. काल परत आल्यावर विक्रीच्या कागदांवरून नावं काढली. सहा जणांना पत्रं टाकली, जालन्यातल्या एकाच्या घरी आज सकाळी जाऊन आलो. आठवी गाडी धावड्याला गेली आहे. रामराव नावाचे निवृत्त हेडमास्तर, पत्त्यात नुसतं गावाचं नाव. मला आता या महिन्यात रजा मिळणार नाही, आणि अशा पत्त्यावर टपाल पोचेल याचा भरवसा नाही. तुझी मावशी भोकरदनला असते ना? तू जा. लगेच जा.

ती गाडी नंबर आठ. पुंजारामचा शेवटचा खरा शेरा नोव्हेंबर ९३ चा आहे. ‘ब्रेकची नळी चिरली आहे, त्वरित बदलणे.’ त्याच्या पुढच्या पानावर माझं ‘ठीक’.

केशव


वाटूर
१६ डिसेंबर १९९६

केशव,

देवानंदचे पैसे परत केले. तोंड वर करून त्याच्याशी बोलता आलं न्हाई.

परवा धावड्याला गेलो. भोकरदनहून पुढं बस लवकर मिळंना म्हणून दुपार झाली. रामराव गुरुजींचं घर कुठं म्हणून एका पोराला इचारलं तर तो म्हणाला, माणसं चाललीत त्यांच्या मागं जा. वाड्यावस्तीवरनं माणसं येत होती. पांढरे फेटे, डोक्यावरून पदर घेतलेल्या बाया. मला वाटलं, काही कार्य असंल. अंगणात पोचलो तवा कळलं. त्यांच्या मालकीणबाईंचा, तुळजाबाईंचा, तेरावा होता.

दोन तारखेला दोघं बाजाराला निघालेते. गावाबाहेर उतार हाये, खाली अरुंद पूल. गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. बाईंच्या बाजूनं.

गुरुजींच्या कपाळाला पट्टी होती. मला परगावचा पाव्हणा समजून शेजारी बसवलं अन् न इचारता सांगत बसले. येईल त्याला तेच सांगत होते. “मी ब्रेक दाबला. मला वाटतं दाबला. पण गाडी थांबलीच नाही, उलट पळाली. लोक म्हणतात, गुरुजी, तुमचा पाय ब्रेकऐवजी दुसऱ्यावर पडला असंल. वय झालं. बासष्टाव्या वर्षी शिकायला नको होतं. ती नको म्हणत होती, मीच हौसेनं बसवलं.” लेक समोर उभा होता. तो बापाकडं बघतच नव्हता. सून ताट वाढून गेली पण सासऱ्याशी एक शब्द बोलली न्हाई.

मंग मला इचारलं, “तुम्ही कोण म्हणाले?”

म्हणलं, “वाटूरचा.” पुढं तोंड उघडलं न्हाई. चहा प्यालो अन् उठून आलो. त्या चहाचं काय सांगू, केशव.

तुझं कबुलीचं पत्र वीस नोव्हेंबरचं. त्याच दिवशी बाकीच्या आठ जणांना लिवलं असतंस तर बाई आज असत्या. अन् मिस्त्र्यानं मला ती भेग दाखवली त्या दिवशी मी तुला लिवलं असतं, तर तू त्याच्याबी आधी जागा झाला असता. रस्ताभर हाच हिशेब घालून राह्यलो.

तिथं जाऊन आपल्यापैकी कुणीतरी खरं सांगायला पायजे. माझ्याच्यानं झालं न्हाई.

मच्छिंद्र


भोकरदन, बसस्टँड
२१ डिसेंबर १९९६

मच्छिंद्र,

धावड्याहून आत्ताच उतरलो. जालन्याची बस तासाभरानं आहे, तोवर लिहितो.

सहापैकी तिघांची उत्तरं आली, गाड्या उभ्या केल्यात. तिघांचा अजून पत्ता नाही. नोकरीचा राजीनामा काल दिला. रजिस्टर साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि कुठली पानं मी बसल्या जागी भरली ते त्यांना आणि वरच्यांना लेखी कळवलं. पुढे काय होईल ठाऊक नाही. पोलीस येतील कदाचित. येऊ देत.

गुरुजी ओट्यावर एकटेच बसले होते. मी समोर खाली बसलो आणि सुरुवातीपासून सांगितलं. पुंजाराम, ब्रेकची नळी, माझं ‘ठीक’. मला वाटलं, आता काठी उचलतील. उचलली असती तर मी हललो नसतो.

त्यांनी विचारलं, “नळी चिरलेली असली, तर ब्रेक दाबून काय होतं?”

“काही होत नाही. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही.”

“पाय खाली गेला होता,” ते म्हणाले. “गेला होता. मला आठवतंय. सगळ्यांनी इतकं सांगितलं की मलाच वाटायला लागलं, दुसऱ्यावरच पडला असंल.”

“नाही गुरुजी. तुम्ही ब्रेकच दाबला होता.”

त्यांनी माझा हात धरला. मच्छिंद्र, मी ज्यांची बायको मारली त्यांनी माझा हात धरला, आणि मला तो सोडवून घेता येईना. ते ढसाढसा रडले. मग डोळे पुसले आणि आत तोंड करून लेकाला हाक मारली, सुनेला हाक मारली. ती दोघं उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

गुरुजी मला म्हणाले, “आता पुन्हा सांगा. पहिल्यापासून. मोठ्यानं सांगा.”

मी उठून उभा राहिलो आणि पहिल्यापासून सांगितलं.

केशव